बँडिट क्वीन : जिच्यावर सिनेमा काढला, तिला विचारलं होतं का?

पावसाळी_छत्री

आमची अकरा जणींची भिशी आहे. गेल्या वर्षीपासून साड्यांची प्रदर्शनं बंद करून महिन्याला एक सिनेमा बघायचा असं ठरलंय. जिची चिठ्ठी निघेल तिने निवडायचा. या खेपेला माझी निघाली आणि मी डाकू फूलनदेवीवरचा 'बँडिट क्वीन' लावला. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या भावाने आणलेल्या कॅसेटवर अर्धामुर्धा पाहिला होता, निम्म्या वेळ पडद्यावर मुंग्याच होत्या. "बघायलाच हवा असा सिनेमा" एवढंच डोक्यात राहिलं होतं.

बेहमई गावात तिला नग्न करून विहिरीवर पाणी आणायला पाठवतात, तो प्रसंग आला तेव्हा तिघी उठून स्वयंपाकघरात गेल्या. चहा कुणालाच नको होता, तरी आधण ठेवलं. मी रिमोट हातात धरून बसले होते, पुढे ढकलू की नको. नाही ढकलला. आता वाटतं, कशासाठी नाही ढकलला?

सिनेमा संपल्यावर कुणी काही बोलेना. जिच्या घरी होतो तिच्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, मागे खुर्चीत वाती वळत बसल्या होत्या. आमचा समज, त्यांचं लक्ष नाही. त्या म्हणाल्या, "ही बाई तेव्हा जिवंत होती ना? मग तिला हे दाखवलं होतं का गं? विचारलं होतं का, हे सगळ्यांना दाखवू का म्हणून?"

आम्हा अकरा जणींत दोघी एम.ए. आणि एक वकिलाची बायको. एकीलाही सांगता आलं नाही. एक म्हणाली, पैसे दिले असतील. माझी जाऊ म्हणाली, वीस माणसं मारणाऱ्या बाईला काय विचारायचं? तिथून जी जुंपली ती रात्री व्हॉट्सअॅपवरही चालू राहिली. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

तर इथल्या जाणकारांनी सांगावं. फूलनदेवीला विचारलं होतं का? तिने पाहिला का? काय म्हणाली? आणि सुरुवातीलाच 'ही सत्यकथा आहे' अशी पाटी येते, ती कितपत खरी धरायची?

खिडकीची_जागा

एवढंच ठाऊक आहे की तिने बंदीची मागणी केली होती, मग पैसे मिळाले आणि प्रकरण मिटलं. 'मिस्टर इंडिया' नंतर शेखर कपूरने हा काढला यावर माझा कित्येक वर्षं विश्वास बसत नव्हता. वाती वळणाऱ्या आजींना नमस्कार सांगा.

काळा_कोट

खिडकीची_जागा यांनी दोन ओळींत गुंडाळलं, पण मधला भाग मजेदार आहे (आमच्या धंद्यात ज्याला मजेदार म्हणतात त्या अर्थाने).

तारखा आधी बघा. फूलन शरण आली १२ फेब्रुवारी १९८३ ला, भिंडला, मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांच्यासमोर. बोली अशी होती की फाशी नाही आणि तुरुंगवास आठ वर्षांपेक्षा जास्त नाही. प्रत्यक्षात खटला उभा न राहता ती अकरा वर्षं आत राहिली, बराच काळ ग्वाल्हेरच्या तुरुंगात. सुटली फेब्रुवारी १९९४ मध्ये. आणि त्याच वर्षी मे महिन्यात सिनेमा कानच्या महोत्सवात दाखवला गेला. म्हणजे सिनेमाची सगळी घडण ती गजाआड असताना झाली. त्याला आधार होता माला सेन यांच्या १९९१ च्या इंग्रजी पुस्तकाचा. फूलनला लिहिता येत नव्हतं. तिने तुरुंगात लिहिता येणाऱ्या कैद्यांना आपली हकीकत सांगितली, ते कागद बाहेर आले आणि त्यावर पुस्तक उभं राहिलं. आता मोजा: तिचं बोलणं, दुसऱ्याचं अक्षर, तिसऱ्याचं इंग्रजी, चौथ्याची पटकथा. त्यावर पाटी, सत्यकथा.

बाहेर आल्यावर तिने सिनेमाला हरकत घेतली. अरुंधती रॉय यांनी तेव्हा, १९९४ मध्येच, सिनेमावर झणझणीत लिहिलं. जिवंत बाईवरचा अत्याचार तिच्या संमतीशिवाय पुन्हा उभा करून दाखवायचा हक्क तुम्हाला दिला कोणी, असा त्यांचा रोख होता. दुसरा मुद्दा वकिली आहे आणि मला तो जास्त बोचतो. बेहमईच्या हत्याकांडाचा खटला तेव्हा संपलेला नव्हता. आपण स्वतः तिथे कुणाला मारलं नाही, असं फूलन सांगत होती. आणि सिनेमा तिला त्याच जागी हातात बंदूक देऊन उभी करतो. उद्या न्यायाधीशांनीही तिकीट काढून तो पाहिला असता तर?

दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. मग तडजोड झाली. ब्रिटनचं चॅनल फोर निर्मितीत होतं, त्यांच्याकडून तिला ४०,००० पौंड मिळाले आणि तिने हरकत मागे घेतली. त्यामुळे आजींचा प्रश्न कोर्टात शेवटपर्यंत निकाली निघालाच नाही. तो मिटला.

मग १९९६ मध्ये दुसरा गडी मैदानात आला. सिनेमामुळे गुर्जर समाजाची बदनामी होते, अशी याचिका एका गृहस्थांनी टाकली, कारण फूलनवर अत्याचार करणारा डाकू बाबू गुज्जर हे पात्र. दिल्ली उच्च न्यायालयाने सिनेमाचं प्रमाणपत्र रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने १ मे १९९६ ला ते परत दिलं. विहिरीच्या प्रसंगातली नग्नता बघणाऱ्याची वासना चाळवण्यासाठी नाही, ते करणाऱ्यांची शिसारी यावी म्हणून आहे, असा त्या निकालाचा सूर. तुमच्या तिघी स्वयंपाकघरात गेल्या म्हणजे कोर्टाचं म्हणणं खरं ठरलं, असंही कुणी म्हणेल. पण तो निकाल होता प्रमाणपत्रापुरता. संमतीबद्दल त्यात काही नाही.

संमतीबद्दल बोलणारा निकाल त्याआधीच आला होता. ७ ऑक्टोबर १९९४, राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू सरकार. ऑटो शंकर नावाच्या खुनी कैद्याचं आत्मचरित्र एका तमिळ मासिकाला छापायचं होतं. कोर्टाने म्हटलं, सरकारी दप्तरात जे उघड आहे तेवढं संमतीशिवाय छापता येईल, त्यापलीकडे गेलात तर खाजगीपणाचा भंग. आणि त्यालाही एक अपवाद ठेवला: लैंगिक अत्याचार किंवा अपहरण झालेल्या बाईचं नाव दप्तरात असलं तरी ते चव्हाट्यावर आणून तिची पुन्हा विटंबना करू नये. फूलनचा झगडा ऐन रंगात होता त्याच सुमाराचा हा निकाल. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

तिने पाहिला का, काय म्हणाली, यावर मी ऐकीव काही लिहिणार नाही.

दुसरी_बाजू

माफ करा, पण परवानगीचं हे पालुपद मला पटत नाही. गुन्हेगाराला विचारून त्याच्यावर सिनेमा काढला की काय निघतं ते आपण बघतोच आहोत. आरती निघते. नायक मंद गतीने चालत येतो, मागे ढोल, आणि त्याने मारलेली माणसं म्हणजे कॅमेऱ्यासमोर पडणारी पोती. 'बँडिट क्वीन' निदान कुणाची आरती नाही.

आणि विचारायचंच तर सगळ्यांना विचारा. १४ फेब्रुवारी १९८१ ला बेहमईत वीस माणसं रांगेत उभी करून मारली. टोळी ज्या दोन भावांना शोधत आली होती ते श्रीराम आणि लालाराम त्या दिवशी गावात नव्हतेच. जे सापडले त्यांना मारलं. त्यांच्या बायकांची परवानगी कुणी घेतली? सिनेमा संपल्यावर त्या वीस जणांतल्या एकाचं तरी नाव तुमच्या भिशीत कुणाला सांगता आलं? त्या खटल्याचा निकाल लागला फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्रेचाळीस वर्षांनी. एकाला जन्मठेप, एक निर्दोष, बाकीचे आरोपी बहुतेक मरून गेलेले. यावर कुणी सिनेमा काढणार नाही, कारण यात सूड नाही, नुसत्या तारखा आहेत.

फूलनवर जे झालं ते भयंकर होतं, त्याबद्दल वाद नाही. पण तुमची जाऊ अगदीच चूक नाही एवढं लिहायला आलो.

लष्करकर

धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो, कारण मला जे सांगायचंय त्यात माझीच थोडी फजिती आहे.

मी ग्वाल्हेरचा. लष्कर म्हणजे फौज नव्हे, ग्वाल्हेरच्या त्या भागालाच लष्कर म्हणतात, दौलतराव शिंद्यांची छावणी पडली होती तिथे. आमच्या पाच पिढ्या तिथल्याच, तेव्हा माझं मराठी मधूनमधून हिंदीकडे कलतं, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, आमच्याकडे डाकू म्हणत नाहीत. डाकू पोलिसांच्या कागदात आणि सिनेमाच्या पोस्टरवर. गावात शब्द एकच, बागी. भाऊबंदकीत जमीन गेली, ठाण्यात कुणी ऐकलं नाही, एखादा मुडदा पडला, की माणूस बीहडात, म्हणजे चंबळकाठच्या घळींत, उतरायचा आणि बागी व्हायचा. पळवून नेलेल्या माणसाला म्हणायचे 'पकड'. "उनके यहाँ पकड़ हो गई" हे वाक्य लहानपणी मी इतक्या सहज ऐकलंय, जसं कुणाकडे बारसं झालं म्हणून सांगावं. खबऱ्या तो मुखबिर. आणि शरण जाणं म्हणजे 'हाजिर होना'. त्यात हार नाही. शाळेत हजेरी द्यावी तसं.

हे हाजिर होणंही फूलनपासून सुरू झालेलं नाही. १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैनात पायी फिरले तेव्हा वीस बागींनी त्यांच्यापुढे हत्यारं ठेवली होती. आमच्या आजोबांना याचा केवढा अभिमान! जणू विनोबा आमच्या घरातलेच. मग १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशांसमोर मोहरसिंह, माधोसिंह वगैरे मोठी नावं. तेव्हा ८३ साल उजाडेपर्यंत मंच, गांधीजींची तसबीर, माइक, बंदूक खाली ठेवणं हा सगळा विधी लोकांना पाठ होता. फूलनच्या वेळी तसबिरीशेजारी दुर्गा होती, तेवढा फरक.

आता माझी गोष्ट. माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, मेलेल्यांचे मोठे करून दिलेले फोटो. ११ तारखेला रात्री कुणीतरी त्यांना सांगून गेलं की उद्या भिंडला फूलन हाजिर होणार. काकांकडे दोन भिंगांचा याशिका होता, वरून खाली बघायचा तो. एक रोल म्हणजे बारा फोटो. पहाटे बस धरायची ठरली आणि मी हट्ट धरला. नऊ वर्षांचा होतो. शनिवार, सकाळची शाळा, ती बुडवली. काकूने पुऱ्या आणि लोणचं बांधून दिलं.

मैदानात माणूस माणसाला चिकटून उभा. काकांनी मला खांद्यावर घेतलं आणि तसेच कॅमेरा छातीशी धरून फोटो काढायला लागले, त्यामुळे मी दर वेळी पुढे कलंडायचो. आमच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई होती. तिला काही दिसत नव्हतं. ती पुढच्या माणसाला सारखी विचारत होती, "कितनी बड़ी है? कितनी बड़ी है?" बऱ्याच वेळाने तो मागे न वळता म्हणाला, "बच्ची है." ती बाई पुढे काही बोलली नाही. लोक देवी बघायला आले होते हो. उंचनिंच, डोळ्यांत अंगार वगैरे. आणि मंचावर चढली ती जेमतेम विशीची ठेंगणी पोर.

हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो. मुंबईला नोकरीला आल्यावर तर हे माझं भांडवलच झालं. मी फूलनला हाजिर होताना पाहिलंय! आणि दर वेळी मी एक गोष्ट न चुकता सांगायचो, की तिच्या कपाळावर लाल पट्टी होती, इतक्या गर्दीत इतक्या लांबून मला ती लाल पट्टी लख्ख दिसली.

काका तीन वर्षांपूर्वी गेले. स्टुडिओ आवरताना एका लिफाफ्यात ती निगेटिव्हं सापडली, वर पेन्सिलीने 'भिंड'. मी हात थरथरत स्कॅन करून घेतली. बारा फोटो. एक पूर्ण पांढरा, एक कलंडलेला (तो माझ्यामुळे). चारांत लांबवर मंच आहे, त्यावर माणसं तांदळाच्या दाण्याएवढी, त्यातली फूलन कोणती ते देवही सांगू शकणार नाही. बाकी सगळ्यांत डोकी. टोप्या, मुंडासी, पाठी, बांबूला बांधलेला भोंगा. आणि अर्थात सगळे कृष्णधवल.

मी काकूला फोटो दाखवले आणि तेच लाल पट्टीचं सांगायला लागलो. ती हसायला लागली. म्हणाली, "अरे, तू घरी आलास तेव्हा पहिलं वाक्य काय बोललास आठवतंय? काही दिसलं नाही, पण शेंगदाणे मिळाले."

मग लाल पट्टी कुठून आली? ९६ साली, बाविसाव्या वर्षी, थेटरात हा सिनेमा पाहिला होता. त्यात फूलन झालेल्या सीमा बिस्वासच्या कपाळावरून आली ती. लाल कापड खोटं नाही, त्या दिवसाच्या रंगीत छायाचित्रांत फूलनच्या डोक्याला ते आहेच. पण मी पाहिलं नव्हतं. मी शेंगदाणे पाहिले होते. सिनेमाने माझ्या डोळ्यांत ती पट्टी बांधली आणि मी तीस वर्षं ती साक्षीदार म्हणून मिरवली.

आता छत्रीताईंचा प्रश्न, सत्यकथा कितपत खरी. मी तिथला माणूस म्हणून सांगतो, या सिनेमातलं बीहड शंभर टक्के खरं आहे. चित्रण धौलपूरकडचं, चंबळच्या काठचं. त्याआधी हिंदी सिनेमातले डाकू घोड्यांवरून दौडायचे. बीहडात घोडा? पावसाच्या पाण्याने कापलेल्या मातीच्या घळी त्या, एकीतून दुसरी फुटते, दहा पावलांवरचा माणूस वळणाआड गेला की संपला. बागी पायीच चालायचे, रात्रभर, अंगावर घोंगडं आणि काडतुसांचा पट्टा. या सिनेमात ते चालतात. धापा टाकतात. पाय धुळीत बुडाल्यावर होणारा तो मऊ आवाज आहे. अशोक मेहतांचा कॅमेरा त्या मातीचा रंग दुपारचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा दाखवतो, आणि वर नुसरत फतेह अली खानचा आवाज आला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. बोलीही पुष्कळ जमली आहे, शिव्यांसकट.

पण याचमुळे भीती वाटते. माती खरी, बोली खरी, पायांचा आवाज खरा. मग बेहमईत तिने काय केलं तेही खरंच असणार, असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं. मी तर प्रत्यक्ष हजर होतो आणि तरी माझी आठवण त्याने बदलली. जे हजर नव्हते त्यांच्याकडे दुसरं असणार काय? काळा_कोट म्हणतात तो न्यायाधीश मी डोळ्यांपुढे आणतो तेव्हा मला माझीच लाल पट्टी आठवते.

अवांतर: याच सिनेमासाठी कलाकारांची निवड करणारे तिग्मांशू धुलिया, त्यांनी पुढे 'पानसिंग तोमर' काढला. २०१२. मुरैनाचा फौजी, स्टीपलचेसचा राष्ट्रीय विजेता, तोही जमिनीच्या भांडणातून बागी झालेला. आमच्याकडे तो सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. माझाही जीव त्यावरच जास्त. पानसिंग झालेल्या इरफानला पाहून माझे एक मेहुणे, आयुष्यभर पोलीस खात्यात काढलेले, रडले. पण पानसिंग १९८१ मध्येच चकमकीत मारला गेला होता, तो येऊन थोडाच सांगणार होता की असं नव्हतं. सिनेमावाल्यांना मेलेला बागी सोयीचा. फूलनची अडचण ही की ती जिवंत होती, बोलत होती, आणि सिनेमा आपल्याकडच्या थेटरांत आला त्याच वर्षी, १९९६ मध्ये, मिर्झापूरहून निवडून येऊन खासदार झाली. पुढे २००१ मध्ये दिल्लीत तिच्याच घरासमोर तिला गोळ्या घातल्या. सदतिसावं वर्ष. सिनेमा ८३ च्या मंचावर संपतो. माझ्या मते तिच्या आयुष्यातला सगळ्यात विलक्षण भाग त्यानंतरचा आहे, आणि तो कुणी दाखवलेला नाही, कारण संसदेतल्या बाईला विहिरीवर पाठवता येत नाही.

दुसरी_बाजू, तुमचं बेहमईबद्दलचं बरोबर आहे. बेहमई यमुनेच्या काठी, आमच्या बाजूला नाही, तरी ऐकत आलोय. आमच्याकडे बागींची गाणी झाली, मेलेल्यांची नाही झाली. पण त्या वीस जणांचा न्याय फूलनला न विचारण्यात कसा काय होतो, हे मला कळलेलं नाही.

दुसरी_बाजू

न्याय होतो असं मी म्हटलं नव्हतं. विचारायचंच तर सगळ्यांना विचारा, असं म्हटलं होतं. असो.

शेंगदाण्यांचं वाचून मीही माझ्या दोन आठवणी आईकडे तपासायला पाठवल्यात. त्यातली एक आधीच बाद झाली. आम्ही ज्या गावी राहत होतो तिथे तो पूर माझ्या जन्माआधी येऊन गेला होता म्हणे, आणि मी त्यात वाहून जाणारी म्हैस 'पाहिली' होती.

काळा_कोट

लष्करकर, साक्षीपुराव्याच्या वर्गात तुमची ही पोस्ट वाचून दाखवावी अशी आहे. उलटतपासात असे साक्षीदार रोज भेटतात. खोटं बोलत नसतात. पट्टी लालच असते.

खिडकीची_जागा

छत्रीताई, त्या दोघी बोलायला लागल्या का?

पावसाळी_छत्री

नाही लागल्या. एकीने पुढच्या महिन्यासाठी आत्तापासून विनोदी सिनेमाची मागणी नोंदवली आहे, चिठ्ठी कुणाचीही निघो.

इथलं सगळं मी आजींना वाचून दाखवलं. कोर्टाचा भाग दोनदा वाचायला लावला. मला वाटलं, संमतीबद्दल काहीतरी म्हणतील. त्यांनी विचारलं, चाळीस हजार पौंड म्हणजे तेव्हाचे किती? मी म्हटलं, बरेच लाख. "मग घेतले ते बरं केलं," म्हणाल्या, "सिनेमा तर काय, तो थांबणार नव्हताच." आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

जाऊबाईंना दुसरी_बाजू यांची पोस्ट पाठवली. त्यांनी अंगठा पाठवला.

रिमोटचं मात्र माझ्या मनातून जात नाही. पुन्हा कधी लावला तर तो प्रसंग ढकलणार. कोर्ट काही म्हणो. त्या प्रसंगात काय घडतं ते मला कळलंय, आता मी तिच्याकडे पुन्हा बघायची गरज नाही.

लष्करकर, ते बारा फोटो इथे टाकता येतील का?

लष्करकर

सगळे नको, कारण लोकांचे चेहरे आहेत आणि त्यांनाही कुणी विचारलेलं नाही. एक टाकतो, पाठमोऱ्यांचा.

त्यात बघण्यासारखं काही नाही हे आधीच सांगतो. काकांनी नेम मंचावर धरला होता, पण भिंग जुळलं ते जवळच. पुढ्यातच एक बाई उभी आहे, बहुतेक तीच, "कितनी बड़ी है" विचारणारी. तिच्या पदराच्या टोकाला पैशांची गाठ मारलेली आहे, ती तेवढी स्पष्ट आली आहे. गाठीचा धागान् धागा मोजून घ्या. मंच मागे धुरकट.